शिवनाथची ओहोटी

त्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता माझी पत्नी आयुष्यात पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहणार होती, आणि सकाळी पावणेनऊला मी तिला होडीत बसवलं. मध्ये सव्वाआठ तास होते. कागदावर ते भरपूर होते.

आधी होडीचं सांगतो, नाहीतर भिलाईत शिडाची होडी कुठून आली हा प्रश्न वाचणाऱ्याला शेवटपर्यंत छळत राहील. होडी अकरा फूट लांब, साडेचार फूट रुंद, प्लायवूडची. रिकामी असताना वजन चौसष्ट किलो. आम्ही राहतो त्या रिसालीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर मी ते दोनदा करून घेतलं आहे. शीड निळ्या तिरपालाचं, एका टेंट हाऊसच्या शिंप्याने शिवलेलं. डोलकाठी बांबूची. ही होडी मी आणि माझ्या शेजाऱ्यांनी माझ्या घराच्या पोर्चमध्ये एकोणीस रविवार खपून बांधली. तितके दिवस पत्नीची स्कूटर बाहेर उन्हात उभी होती, आणि सीट तडकली ती त्याच दिवसांत, असं तिचं म्हणणं आहे. ते खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नाही.

शेजारी म्हणजे डाव्या हातचं घर. वय त्रेसष्ट, इथल्या स्टील प्लांटमधून क्रेन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. मी त्यांना दादा म्हणतो. ते मला भाऊ म्हणतात आणि पत्नीला वैनी. मी अजून नोकरीत आहे. भट्टीवरची मीटरं तापमानाचा आणि दाबाचा खरा आकडा दाखवतात की नाही, हे तपासायचं माझं काम. एखादं मीटर थोडं जरी खोटं बोलत असलं तरी मला ते कळतं, अशी माझी समजूत होती.

होडीचं वेड मात्र कोकणातून आलं. काही वर्षांपूर्वी आमची दोन्ही कुटुंबं मिळून फिरायला गेलो होतो. तिथल्या एका खाडीत आम्ही शिडाच्या होडीत बसलो. मी होडीवाल्याला विचारलं, पाणी कधी चढणार ते तुम्हाला कसं कळतं? तो म्हणाला, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती. मी लगेच पंचांग मागवून चार दिवस ताळा जमवून पाहिला. थोडंफार इकडेतिकडे, पण जमत होता. इतकी मोठी खाडी आणि तिचं वेळापत्रक एका पाढ्यात मावतं, याने मी अक्षरशः भारावून गेलो. परतीच्या गाडीत गोंदिया यायच्या आत दादा म्हणाले, "भाऊ, आपल्या इकडे पण नदी आहेच की." आणि ठरलं.

आमच्या इकडची नदी म्हणजे शिवनाथ. घरापासून चौदा किलोमीटरवर एका केवटाच्या, म्हणजे नावाड्याच्या, अंगणात आम्ही होडी ठेवतो. त्याचं घर घाटाच्या वरच आहे. घाटाच्या दोन किलोमीटर खाली एनीकट आहे, म्हणजे नदीवर घातलेला बुटका बंधारा, त्याला हाताने फिरवून वर-खाली करायची लोखंडी गेटं. गेटं बंद असली की आमच्या बाजूला पाणी तुंबून चांगलं पाच-साडेपाच किलोमीटर लांब तळं होतं. गेटं उघडली की ते पाणी खालच्या गावांना जातं आणि आमच्याकडे हातभर उतरतं. पहिल्याच महिन्यात आमच्या लक्षात आलं की सकाळी जिथे होडी तरंगत होती तिथे संध्याकाळी म्हशी उभ्या असतात. दादा म्हणाले, "हे तं भरती-ओहोटीच झाली ना, भाऊ."

मला दुसरं काय पाहिजे होतं! घाटाजवळ मी एक बांबू रोवला आणि त्यावर पाच-पाच सेंटीमीटरवर लाल-पांढरे पट्टे मारले. शनिवार-रविवारी मी वेगवेगळ्या वेळांना वाचन घ्यायचो, मधल्या वारी दादा स्कूटरवर येऊन घ्यायचे. दिवाळीनंतर अकरा आठवड्यांत चौऱ्याहत्तर वाचनं झाली. ती ओळीने मांडल्यावर चित्र स्पष्ट होतं. दुपारी दोनच्या सुमाराला पाणी उतरायला लागतं आणि रात्री दहाच्या सुमाराला उतरायचं थांबतं. दोन आणि दहा! भिलाईत हे आकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. सहा ते दोन पहिली शिफ्ट, दोन ते दहा दुसरी, दहा ते सहा रात्रीची. गेटवाला दुसऱ्या शिफ्टला येतो, आल्याबरोबर गेट उघडतो, जाताना बंद करतो. मला आणि दादांना यात तिळभरही शंका आली नाही. आम्ही दोघांनी मिळून एकसष्ट वर्षं शिफ्टमध्ये काढली आहेत. आमची मुलं शिफ्ट पाहून जन्माला आली, असं दादा म्हणतात.

मी तक्ता टाइप करून घेतला आणि पोर्चच्या भिंतीवर लावला. सकाळी दहापर्यंत वरच्या वळणापलीकडे जायला पुरेसं पाणी, साडेबाराच्या आत परत फिरायचं, दीडच्या आत घाटावर. तीन वाचनं यात बसत नव्हती. त्या तीन दिवशी पाणी सकाळीच उतरलेलं होतं. चौऱ्याहत्तरात तीन. मी त्यांना पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला लिहिलं, "वाचनात चूक." तिन्ही वाचनं दादांनी घेतलेली होती. त्यांना मी हे सांगितलं नाही.

आता नाटकाचं. आमच्या मराठी मंडळाचं दरवर्षी जानेवारीत स्नेहसंमेलन असतं आणि त्यात एक एकांकिका. माझी पत्नी नऊ वर्षं पडद्यामागे वही घेऊन उभी राहते आणि अडणाऱ्याला संवाद सांगते. सगळ्यांचं सगळं तिला पाठ असतं. स्टेजवर मात्र ती कधी गेली नाही. या वर्षीची एकांकिका मंडळातल्याच एकाने लिहिलेली होती: दोन दिवसांसाठी आलेली सासू लेकीच्या घरून सहा महिने हलत नाही, आणि जावई तिला घालवायला एकेक युक्ती करतो. सासूचं काम करणाऱ्या बाईंना दहा दिवस आधी लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला जावं लागलं. मग सगळ्यांच्या माना माझ्या पत्नीकडे वळल्या.

ती हो म्हणून आली आणि त्या रात्री जेवलीच नाही.

"पाठ तं आहे ना तुला," मी म्हटलं.

"वही हातात असली की पाठ असते. मी स्टेजवर गेली तर मागून मले कोण सांगणार? सांगणारी मीच आहे ना!"

हा मुद्दा बिनतोड होता. वही धरायला नवीन मुलगी मिळाली, पण तिला मराठी वाचताना बोट फिरवावं लागायचं. तेव्हा पत्नी पोचली नाही तर एकांकिका नाही, आणि पोचून अडली तर तिला उचलणारं कोणी नाही, अशी परिस्थिती होती.

शनिवारी घरात फोन, बेल, पाहुणे, कामवाली. तिची तालीम दर चौथ्या वाक्याला तुटायची. शेवटी वैतागून ती म्हणाली, "या भिलाईत कुठे एक तास कोणी हाक मारत नाही अशी जागा आहे का?"

होडी पाण्यात उतरल्यापासून ती एकदाही तिच्यात बसली नव्हती. मी म्हटलं, "आहे."

तिने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "किती वाजता परत? अंदाज नको. लिहून द्या."

मी तक्ता पाहून लिहून दिलं: घाटावर साडेअकरा, घरी सव्वाबारा. खाली सही केली.

सकाळ सुरेख होती. उत्तरेकडून वारा, फार नाही, पण शीड भरेल इतका. पत्नी मधल्या फळीवर बसली, मांडीवर वही, डोक्याला ओढणी. दादा पुढे वल्ह्यांजवळ, मी मागे सुकाणूवर. पहिली दहा मिनिटं तिने दोन्ही हातांनी होडीची कड धरून ठेवली होती. मग एक हात सुटला. मग दुसरा. काठावरच्या बाभळी मागे जायला लागल्या, पाण्यात एक खंड्या सपकन शिरला, आणि ती म्हणाली, "आवाजच नाही हो कशाचा."

"इंजिन नाही ना, वैनी," दादा म्हणाले. "हवा फुकट आहे. म्हणून तं भाऊले आवडते."

ती हसली, आणि तालीम सुरू झाली. आधी पुटपुटत, मग जरा मोठ्याने. वरचं वळण ओलांडून आम्ही पुढच्या पसरट भागात गेलो तेव्हा दहा वाजायला आले होते. तिथे नदी रुंद आणि उथळ आहे, मध्ये गाळाचे उंचवटे. मी पाण्यात काठी घालून पाहिली. पासष्ट सेंटीमीटर. आमच्या होडीला तिघं बसले तरी बावीस लागतात. तिथे शीड उतरवून, नांगर टाकून आम्ही डबा उघडला. पत्नीचं शेवटचं लांबलचक भाषण चालू होतं, ज्यात सासू कबूल करते की घरी एकटं राहायची भीती वाटते म्हणून ती जात नाही. ती त्यात इतकी गुंतली होती आणि आम्ही ऐकण्यात, की होडी हलायची थांबली आहे हे आम्हाला कळलं ते दादांनी चहाचा कप फळीवर ठेवला तेव्हा. कपातला चहा एकदम स्थिर होता.

"भाऊ," दादा म्हणाले, "आपण कशावर तरी बसून राहिलो."

मी काठी घातली. अठरा. दुसऱ्या बाजूला चौदा. घड्याळात दहा पस्तीस. आम्ही दोघं उतरून ढकलायला गेलो तर दादा मांडीपर्यंत गाळात गेले आणि त्यांना वर ओढण्यात पाच मिनिटं गेली. तेवढ्यात पाणी आणखी उतरलं. अकराला दहा कमी असताना होडीच्या चारही बाजूंना चकचकीत काळा चिखल होता. जवळचा काठ चाळीस-बेचाळीस मीटरवर, आणि मधे पावलापुरतीही घट्ट जमीन नाही.

"दोन वाजता उतरते म्हणत होते ना तुम्ही?" पत्नी म्हणाली. आवाज शांत होता. बावीस वर्षांच्या संसारात मी या शांतपणाला ओळखून आहे.

"दोनलाच उतरते. चौऱ्याहत्तर वाचनं आहेत."

"मग हे पंच्याहत्तरावं आहे."

मी पहिल्या शिफ्टच्या माणसाने चुकून गेट उघडलं असेल, बदली माणूस असेल, असं काहीतरी बोललो. ती म्हणाली, "ते सोडा. पाणी परत कधी येईल?"

तक्त्यात यावर उत्तर नव्हतं. मी तसं सांगितलं.

दुपारी मेकअपला बोलावलं होतं, म्हणून तिने हॉलवर फोन लावला. दिग्दर्शकांना म्हणाली, "हो हो, निघालेच आहे. थोडा ट्रॅफिक आहे." फोन ठेवून तिने वही उघडली आणि दादांना म्हणाली, "भाऊजी, तुम्ही जावयाचं वाचा. रिकामं बसून काय करायचं?"

दादांनी चिखलाने माखलेले हात धोतराच्या सोग्याला पुसावे तसे पॅंटला पुसले, चष्मा लावला आणि वही हातात घेतली. क्रेनच्या केबिनमधून खालच्या माणसाला ओरडून सांगायची सवय असलेला आवाज तो. "सासूबाई!" त्यांनी आरोळी ठोकली, "तुमच्या गाडीची वेळ झाली!" काठावरचे बगळे उडाले.

"जावईबापू, आज अमावस्या आहे. अमावस्येला मी प्रवास करत नाही."

"त्या दिवशी तं एकादशी म्हणून नाही गेल्या!"

"'तं' नाही लिहिलं तिथे."

"लिहिलं नाही, पण कोणता जावई इतक्या वैतागात 'तं' म्हणणार नाही, वैनी?"

मी हसलो. ती नाही हसली. पण पुढचा संवाद तिने न पाहता म्हटला, आणि त्याच्या पुढचाही.

बारा वाजता काठावर एक बाई कपड्यांची पाटी घेऊन आली. नदी तिच्याही नेहमीच्या दगडापासून लांब गेलेली होती. ती तिथेच कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहत राहिली. मी काही विचारायच्या आत पत्नीने ओरडून विचारलं, छत्तीसगढीत, जी ती लहानपणी दुर्गला मैत्रिणींच्या अंगणात शिकली आणि मला इतकी वर्षं येत नाही.

"दीदी, गेट कोन खोलिस?"

"खाल्हे के गाँव म नहावन हे! बिहनिया ले खोल दे हे!"

"बंद कब करही?"

"जम्मो झन नहा लिहीं, तब!"

खालच्या गावात नहावन आहे. म्हणजे कोणीतरी गेलं आहे आणि आज त्याचा दहावा. भाऊबंद, सोयरे, अख्खं गाव नदीवर येऊन अंघोळ करतं. एवढ्या माणसांना घाटावर पाणी पाहिजे. आदल्या दिवशी घरचे लोक गेटवाल्याला सांगून जातात आणि तो सकाळी गेट उचलतो. सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की खाली करतो. इतकं साधं. एरवी तो दुपारी जेवण करून येतो आणि निजायच्या आधी बंद करून जातो. शिफ्ट वगैरे काही नाही. त्याचं घर एनीकटच्या शेजारीच आहे.

ही सगळी माहिती पत्नीने चिखलापलीकडे ओरडून सहा मिनिटांत मिळवली. मी अकरा आठवडे बांबू वाचत होतो.

बाईने आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्या गावातल्या बायका नहावनला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून निघणार आहेत, अर्ध्या तासात, काठावरच्या वाटेने. खालच्या गावातून दुर्गला ऑटो मिळतो.

पत्नी उभी राहिली. "मी जाते."

"या चिखलातून?" मी म्हटलं.

"पाच वाजता पडदा आहे. तुमचं पाणी कधी येते ते तुमालेच माहीत नाही."

दादा आधीच होडीच्या तळाच्या फळ्या उपसायला लागले होते. तीन फळ्या, प्रत्येकी पाच फूट. उभ्या आयुष्यात त्यांनी जड वस्तू इकडून तिकडे नेण्याशिवाय काही केलं नाही, आणि अशा वेळी त्यांच्या हालचालीत एक थाट येतो. पहिली फळी चिखलावर आडवी टाकली, तिच्यापुढे दुसरी, पुढे तिसरी. पत्नी पहिलीवर, दुसरीवर, तिसरीवर. दादा तिच्या मागे पोटावर, हो, शब्दशः पोटावर, चिखलात पसरून मागची फळी ओढून पुढे सरकवत. पालथं पडलं की माणूस रुतत नाही, उभं राहिलं की रुततो, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. मी होडीतून दोर धरला होता, दादांच्या कमरेला बांधलेला.

"एक... वैनी, थांबा... हां, चला! उजवी बाजू! उजवी!"

"भाऊजी, ही हलून राहिली!"

"हलू द्या! खाली नाही जात! खाली नाही पाहायचं, समोर पाहा!"

नवव्या खेपेला फळी कलली आणि तिचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. चप्पल तिथेच राहिली. वहीची पिशवी डोक्यावर धरून पाय उपसला आणि अनवाणी पुढे गेली. काठावरच्या बाईने हात दिला. वर पोचल्यावर तिने मागे वळून आमच्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता ऐकावं लागणार.

"डब्यातली पोळी खाऊन घ्या दोघं," ती ओरडली. "माझी वाट पाहू नका म्हणजे झालं!"

एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना ट्रॉली आली. मी तिला बायकांच्या मधे बसलेली पाहिली. मग बाभळींमागे ट्रॅक्टरचा आवाज गेला.

मला जाता आलं असतं का? फळ्यांवरून कदाचित. पण दादा परत आले तेव्हा होडीची कड चढायला त्यांना माझा हात धरावा लागला. पाणी आल्यावर त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने एकट्याने शीड चढवून होडी नेणं मला पटण्यासारखं नव्हतं, आणि होडी तशीच सोडून दोघांनी जावं इतका दम त्यांच्यात राहिला नव्हता. मी राहिलो. ते म्हणाले, "जा ना भाऊ, वैनीचं पहिलं नाटक आहे," तीनदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा म्हणताना डोळे मिटून आडवे झाले.

ते झोपल्यावर मी पिशवीतून माझी वही काढली. पेन्सिलीने गोल केलेली तीन वाचनं पाहिली. कार्तिकातलं एक, मार्गशीर्षात दोन. तीन घरी कोणीतरी गेलेलं होतं, आणि मी त्यापुढे "वाचनात चूक" लिहून ठेवलं होतं. मीटर बरोबर होतं. दादाही बरोबर होते. ते जागे झाल्यावर मी त्यांना हे सांगून टाकलं.

"म्हणजे तुमी मले खोटं ठरवून राहिले होते?"

"हो."

"तीन महिने?"

"अडीच."

त्यांनी हातावरचा वाळलेला चिखल खरवडून काढला. मग म्हणाले, "पोळी द्या. मेथीची होय ना?"

पाणी सव्वातीनला परत दिसायला लागलं. चारला होडीच्या बुडाशी आलं. पाचला, म्हणजे बरोबर पडदा वर जायच्या वेळेला, होडी एका कडेने उचलली गेली आणि पुन्हा बसली. पाच पंचवीसला सुटलो. वारा पडला होता. तीन किलोमीटर वल्ही मारली, आळीपाळीने.

हॉलवर पोचलो तेव्हा सव्वासात झाले होते. एकांकिका पस्तीस मिनिटांची होती, ती कधीच संपली होती. आता लहान मुलींचा नाच चालू होता. पत्नी मागच्या व्हरांड्यात नऊवारीत, पांढरे केलेले केस, हातात ताट घेऊन उभी होती. जो येईल तो तिला "सासूबाई" म्हणत होता. एक तरुण मुलगा म्हणाला, "आंटी, लास्ट वाला सीन में तो मम्मी रो दी."

माझ्या पॅंटवरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. ती माझ्याकडे पाहत होती.

"वेळेत पोचलीस?" मी विचारलं.

"साडेतीनला. त्या बायकांनी उतरवून दिलं, मी म्हटलं पाय धुऊ द्या, तर त्यांनी घाटावरच नेलं. सगळ्या जणी अंघोळ करत होत्या. मी त्यांच्यातच पाय धुतले. एका म्हातारीने विचारलं, कुठे चालली? मले सांगायला कसंतरी झालं, की नाटकाला. पण सांगितलं. तर ती म्हणाली, जा बेटी, जल्दी जा, गेलेली बाई पण नाचायला हौशी होती." ती थांबली. "तिच्याच चपला आहेत ह्या. गेलेल्या बाईच्या नाही, म्हातारीच्या. परत करायच्या आहेत."

मी खाली पाहिलं. तिच्या पायात निळ्या रबरी चपला होत्या, एक नंबर मोठ्या.

"कुठे अडली का?"

"नाही."

"कसं झालं? नीट सांग ना."

"आता सांगून काय?" ती म्हणाली. रागाने नाही. "पाहायचं होतं."

दादा मागून म्हणाले, "वैनी, चूक भाऊची नाही. चूक शिफ्टची आहे." तेव्हा ती हसली, आणि आम्हाला दोघांना ताट आणायला गेली.

चपला पुढच्या रविवारी आम्ही तिघांनी जाऊन परत केल्या. होडी विकायची भाषा तिने केली नाही. मात्र तक्ता पोर्चच्या भिंतीवरून काढला. आता आम्ही शनिवारी संध्याकाळी गेटवाल्याच्या घरी जातो, चहा घेतो आणि उद्याचं विचारतो. तो सांगतो. कधी कधी त्यालाही माहीत नसतं. अशा रविवारी आम्ही वळणापलीकडे जात नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी रायपूरच्या मंडळाने ती एकांकिका बोलावली. रविवार, दुपारी चार वाजता. सकाळी आठला दादांचा फोन आला, "भाऊ, काय वारा सुटला आहे आज!" मी म्हटलं, आज नाही. रिसालीहून रायपूर चाळीस किलोमीटरच्या आत आहे. आम्ही दहा वाजता निघालो. पत्नी म्हणाली, इतक्या लवकर कावून? मी म्हटलं, असू दे. सव्वाअकराला पोचलो. हॉलला कुलूप होतं, चौकीदार म्हणाला, दो बजे खुलेगा.

आम्ही पायऱ्यांवर सावली पाहून बसलो आणि डबा उघडला. समोरच्या रस्त्यावर रविवारचा बाजार भरत होता. जेवण झाल्यावर तिने हात धुतले, पिशवीतून वही काढली आणि माझ्या हातात दिली.

"जावयाचं वाचा."

मी चष्मा लावला आणि वाचलं, "सासूबाई, तुमच्या गाडीची वेळ झाली."

"जरा जीव ओता त्यात," ती म्हणाली. "भाऊजींनी चिखलात बसून याच्यापेक्षा चांगलं वाचलं होतं."

मी पुन्हा वाचलं, मोठ्याने. चौकीदार खुर्ची ओढून जवळ येऊन बसला.